पंप बाधला की काय?

मैत्रिणींनो, जव्हार-मोखाड्याचा पावसाळा तुम्ही पाहिला असेल, तर भिंतींची ओल आणि घरात कोंडलेला चुलीचा धूर यांविषयी मी वेगळं सांगायला नको. दमेकऱ्यांना हे चार महिने फार जिकिरीचे जातात.

माझ्या सासूबाई मोखाड्याला असतात. त्यांना डॉक्टरांनी ब्युडेसोनाइडचा पंप दिला होता. काही दिवसांनी आवाज घोगरा झाला, जिभेवर पांढरे चट्टे आले. औषध बाधलं, असं मनाशी ठरवून त्यांनी पंप कपाटात ठेवून दिला. कुणाला बोलल्या नाहीत! आषाढातल्या एका रात्री अशी धाप लागली, की ह्यांनी भर पावसात जीप करून त्यांना जव्हारला आणलं. ती येईपर्यंत मी दारातच उभी होते.

डॉक्टर म्हणाले, "ही ॲलर्जी नव्हेच." औषधाचा अंश तोंडात राहतो आणि तिथे बुरशी धरते. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं आणि पंपाला स्पेसर, म्हणजे ते प्लास्टिकचं नळकांडं, लावायचं, की हा त्रास बराच टळतो. चट्ट्यांवरही औषध मिळतं.

खरी ॲलर्जी क्वचित होते, पण होते. ओठांभोवती, नाकाशी, पापण्यांवर खाजरं पुरळ उठतं. पूर्वी एखाद्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज उलट वाढली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. औषधं एकाच कुळातली असतात ना!

कॅप्सूलमधली पूड ओढायची असेल तर आणखी एक. त्या पुडीत बहुधा दुधातली साखर असते आणि तिच्यात दुधाच्या प्रथिनांचा लवलेश राहू शकतो. ज्या मुलाला दुधाने अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, त्याच्या आईने हे आधीच सांगावं. दूध नुसतं पचत नाही, पोट बिघडतं, एवढंच असेल तर मात्र घाबरण्याचं कारण नाही.

चेहरा किंवा जीभ सुजली, औषध घेताच श्वास अधिकच कोंडला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. एरवी आपल्या मनाने पंप बंद करू नका. एक सोसलं नाही तर डॉक्टर दुसरं देतात.

सासूबाई आता सकाळी आधी पंप घेतात आणि मगच दात घासायला बसतात.