‘किती एक्स?’ हा प्रश्नच चुकतो

फिरायला जाताना सोबत एकच लेन्स ठेवायची आहे, खिशाला परवडणारी, तर कोणती घेऊ? नाशकात हा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात. हरिहर गडाच्या पायऱ्या, पांडवलेणी, नांदूरमध्यमेश्वर, शिवाय २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली सिंहस्थाची स्नानं, असं सगळं डोळ्यांपुढे असतं. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याला लगेच शेपूट लागतं: ‘जास्त एक्सची सांगा हं, लांबचं जवळ आलं पाहिजे.’ हे ऐकून ऐकून आता कान किटले आहेत, तेव्हा आधी या एक्सचाच निकाल लावू.

झूम लेन्सचा एक्स म्हणजे निव्वळ भागाकार. मोठ्या फोकल लेंथला लहान फोकल लेंथने भागायचं, बस. १८-५५ मिमीची लेन्स ३ एक्स, १८-१४० जवळजवळ ८ एक्स, १८-३०० जवळजवळ १७ एक्स. आता ७०-३०० घ्या. ३०० भागिले ७०, म्हणजे जेमतेम ४.३. एक्सच्या हिशेबाने ही १८-३०० च्या पाव पट भरते, पण लांबचं दोन्हींतून सारखंच येतं, कारण दोन्हींचं लांबचं टोक ३०० आहे. क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेबाहेर बसलेले फोटोग्राफर ४०० किंवा ६०० मिमीची जी तोफ रोखून असतात, तिच्यात बहुतेक वेळा झूमच नसतो. तिचा एक्स किती? एक!

गोंधळ बहुधा दुर्बिणीमुळे होतो. पक्षी बघणाऱ्यांच्या गळ्यात ८×४२ ची दुर्बीण असते. त्यातला ८ खरोखरच नुसत्या डोळ्याच्या आठपट, आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिमीमधला व्यास. तोच अर्थ लोक लेन्सला चिकटवतात. त्यात मोबाइल कंपन्यांनी तेल ओतलं. २०२१ च्या सॅमसंग एस २१ अल्ट्रावर ‘१०० एक्स’ची जाहिरात होती. त्यात खऱ्या भिंगाची झेप १० एक्सपर्यंत, आणि तो कॅमेरा १ कोटी पिक्सेलचा. पुढचे दहापट म्हणजे त्याच चित्राचा मधला तुकडा कापून ताणलेला. लांबीत दहावा हिस्सा आणि रुंदीत दहावा हिस्सा, म्हणजे १ कोटीतले हाती राहतात १ लाख पिक्सेल. उरलेलं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

बरं, लांबचं किती जवळ येतं, तेही मोजून पाहू. नांदूरमध्यमेश्वर २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं आणि तेव्हापासून हातात कॅमेरा असलेला प्रत्येकजण हिवाळ्यात तिकडे निघतो. समजा, निरीक्षण मनोऱ्यावरून दीडशे मीटरवर चित्रबलाक उभा आहे. उंची साधारण १ मीटर. ३०० मिमीच्या टोकाला त्याची सेन्सरवरची प्रतिमा भरते २ मिमी. क्रॉप, म्हणजे फुलफ्रेमहून लहान, सेन्सरची उंची साडेपंधरा मिमीच्या आसपास असते, म्हणजे पक्षी चौकटीच्या उंचीचा आठवा हिस्सा. १४० मिमीला तो सतराव्या हिश्शाएवढा. टॅमरॉनची १८-४०० (२०१७ ची, २२ एक्सच्या वरची, वजन ७०० ग्रॅमच्या पुढे) लावलीत तरी सहावा हिस्सा. पक्ष्यांसाठी हे तिन्ही अपुरे आहेत. ‘सगळंच यायला पाहिजे’ म्हणून १७ एक्स घेणाऱ्याला पक्षी नीट मिळत नाही तो नाहीच, आणि त्यासाठी मोजलेले जादा पैसे, वजन आणि अंधारलेलं टोक मात्र वर्षभर खांद्यावर राहतं. पक्षी हाच छंद असेल, तर ते बजेट वेगळं आणि ती लेन्सही वेगळी.

उलट जवळच्या टोकाकडे कोणी बघतही नाही. निकॉनच्याच तांत्रिक तक्त्यांत क्रॉप कॅमेऱ्यावरचे दृश्यकोन दिलेले आहेत: १६ मिमीला ८३ अंश, १८ ला ७६, १४० ला साडेअकरा आणि ३०० ला सव्वापाचच्या जरा वर. म्हणजे १८ वरून १६ वर आलात तर २ मिमीत ७ अंश जादा मिळतात. १४० वरून ३०० वर गेलात तर १६० मिमी खर्चून चौकट जेमतेम ६ अंशांनी आवळते. प्रवासात पाठ भिंतीला टेकते ती वारंवार. पांडवलेण्यांतल्या विहाराच्या ओसरीत खांब, भिंतीवरचे शिलालेख आणि छत एका चौकटीत घ्यायचं तर मागे सरकायला जागा नसते. काळाराम मंदिराच्या आवारात अख्खं शिखर घेताना हीच गत. तिथे १७ एक्स काय कामाचा? एक्स मोठा पण सुरुवात २८ मिमीची, अशी फुलफ्रेमसाठीची जुनी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून कोणी गळ्यात मारत असेल, तर क्रॉप कॅमेऱ्यावर तिची रुंदी गेलीच म्हणून समजा.

दुसरी न विचारली जाणारी गोष्ट म्हणजे उजेड. या वर्गातल्या बहुतेक लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ वर येतात. रामकुंडावर संध्याकाळची आरती घ्या. एफ १.८ च्या साध्या ५० मिमी लेन्सवर आयएसओ ८०० ला जो फोटो निघतो, त्यालाच एफ ५.६ वर जवळजवळ दसपट, म्हणजे ८००० च्या घरात आयएसओ लागतो. ‘पण आमच्या लेन्सला व्हीआर आहे!’ असेल. व्हीआर, आयएस, व्हीसी ही सगळी तुमच्या हाताचा कंप सावरतात. आरती ओवाळणाऱ्याचा हात ती थांबवत नाहीत. पुरोहिताचा चेहरा स्वच्छ आणि दिव्यांच्या जागी नुसते ओघळ, असा फोटो त्यातूनच येतो.

मग घ्यावं काय? क्रॉप कॅमेऱ्याला १८-१३५, १८-१४० किंवा १८-१५० या घरातली लेन्स. कॅननची जुनी १८-१३५ एसटीएम ४८० ग्रॅमची, निकॉनची डीएसएलआरची १८-१४० साधारण तेवढीच. मिररलेससाठीच्या निकॉन १८-१४० आणि कॅनन १८-१५० तर सव्वातीनशे ग्रॅमच्या आतल्या. हरिहर चढताना दोन्ही हात खोबणीत असतात, तेव्हा हा फरक मानेला कळतो. पैसे कमी असतील तर कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ठेवा आणि वापरलेली ५० मिमी एफ १.८ जोडा. १८-३०० ला मी सरसकट नावं ठेवत नाही. सिंहस्थाच्या गर्दीत, वर पाऊस चालू असताना, लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर पाणी घेणं. तिथे ती एकच चढवून जाण्यात शहाणपण आहे. फक्त ‘जास्त एक्स म्हणजे जास्त चांगली’ म्हणून घेऊ नका. तरी मन ऐकत नसेल, तर गेल्या दोन-तीन सहलींचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते. ५५ च्या टोकाशी अडलेले फोटो किती आणि १८ च्या टोकाशी किती, ते मोजा.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स टाकाऊ असते: भर उन्हात एफ ८ वर काढलेला फोटो ए-४ आकारात छापा आणि महागड्या लेन्सच्या फोटोशेजारी ठेवून ओळखून दाखवा. क्रॉपसाठी बनवलेल्या लेन्सवरचे मिमी आधीच गुणलेले असतात: नसतात, १८ म्हणजे १८च, दीड किंवा १.६ ने गुणायचं ते तुम्ही. सिग्मा-टॅमरॉन लावली की कॅमेरा बिघडतो: २०२४ मध्ये कॅननने स्वतःच आपल्या आरएफ क्रॉप कॅमेऱ्यांसाठी या दोघांना परवाना दिला. माउंटवर बसली म्हणजे चालणारच: निकॉनची एएफ-पी लेन्स डी ९०, डी ३२०० किंवा डी ७००० वर बसते, पण फोकस करत नाही. त्यातल्या क्रॉपसाठीच्या ७०-३०० चे तर दोन प्रकार आहेत, एक व्हीआरवाला आणि एक बिनव्हीआरचा. दोन्ही दिसायला सारखे, तेव्हा अक्षरं वाचूनच पैसे द्या.

वापरलेली लेन्स कधीच घेऊ नये, हाही त्यातलाच. जरूर घ्यावी, पण पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे राहिलेली लेन्स असेल तर जरा जपून. बुरशी वरून दिसत नाही. छिद्र पूर्ण उघडं ठेवा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले, तर विकणारा कितीही एक्स सांगो, झाकण लावून लेन्स त्याच्या हातात परत द्या.