विजेरीतला खुळखुळा

घरातली विजेरी कानाजवळ नेऊन हलवून पाहा. आत काही खुळखुळते का? बहुतेक विजेऱ्यांत थोडेफार खुळखुळतेच आणि आपण तिकडे दुर्लक्ष करतो. पण रात्रीच्या पाळीला मोटार चालू करण्यासाठी बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्याची विजेरी ऐन वेळी मिचकावून विझली, तर पुढच्या पावलाखाली काय आहे ते त्याला कसे दिसणार? तेव्हा हा आवाज कसला, आणि तो केव्हा निरुपद्रवी व केव्हा धोक्याचा, हे पाहू या.

नळीत सेल दोन दिशांनी हलू शकतात, आडवे आणि लांबीच्या दिशेने. आडव्या हालचालीचे कारण सोपे आहे. मोठ्या, म्हणजे ‘डी’ मापाच्या, सेलचा व्यास ३२.३ ते ३४.२ मिलिमीटर यांच्या दरम्यान कितीही असू शकतो. कारखानदाराला नळी सर्वांत जाड सेल मावेल एवढी करावी लागते. मग तुम्ही बारीक सेल घातलात की दोन मिलिमीटरची फट उरलीच. शिवाय साध्या सेलचे जस्ताचे भांडे हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. वापराबरोबर ते जस्त झिजते, आतला रस पाझरतो, सेल फुगतो. नळी घट्ट असती तर असा सेल हातोडी मारूनही बाहेर निघाला नसता. आडवी फट ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे, तिचा आवाज येतो एवढेच.

लांबीच्या दिशेची हालचाल मात्र खरा दोष. सेलना दिव्याकडे रेटण्याचे काम मागच्या झाकणातील स्प्रिंग करते. ती सैल पडली की नाही हे ओळखण्याची एक सुंदर कसोटी आहे. विजेरी लावून तिचे तोंड जमिनीकडे करा. सेलचे वजन दिव्यावर येते, जोडणी पक्की होते. आता तोंड आकाशाकडे करा. सेलचे सारे वजन स्प्रिंगवर येईल. प्रकाश मंदावला किंवा गेला, तर स्प्रिंगचा जोर सेलच्या वजनाहून कमी आहे!

हा जोर मोजताही येतो. पेटती विजेरी आडवी धरा आणि तोंड हळूहळू वर उचला, बोटाने टिचक्या मारत राहा, म्हणजे घर्षणामुळे सेल अडकून बसणार नाहीत. ज्या कोनाला दिवा विझतो तो कोनमापकाने मोजा. सेलचे वजन गुणिले त्या कोनाची ज्या, हा झाला स्प्रिंगचा जोर. दोन अल्कलाइन सेलचे वस्तुमान सुमारे २८० ग्रॅम, म्हणजे वजन सुमारे २.७५ न्यूटन. दिवा ३० अंशाला विझला तर स्प्रिंगचा जोर याच्या निम्मा, जेमतेम १.४ न्यूटन. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा, खर्च काहीच नाही.

दिवा पूर्ण विझला नाही तरी नुकसान होतेच. दोन धातूंचे पृष्ठभाग आपल्याला सपाट दिसले तरी ते काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात. दाब कमी झाला की हे बिंदू कमी होतात आणि रोध वाढतो. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरच्या बल्बचा पेटता रोध सुमारे ८ ओहम. सैल जोडण्यांनी त्यात १ ओहमची भर घातली तर बल्बला मिळणारे व्होल्टेज साधारण दहा टक्क्यांनी घटते. पण तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणून प्रकाश तब्बल तीस टक्क्यांनी कमी होतो. लोक सेलला दोष देऊन नवे आणतात.

म्हणून आधी स्प्रिंग. ती हलक्या हाताने ताणून थोडी लांब करा. स्थितिस्थापकत्वाची मर्यादा किंचित ओलांडल्याशिवाय ती लांब राहणार नाही, हे ध्यानात असू द्या. सेलची टोके खोडरबराने घासून स्वच्छ करा.

नंतर आवाज नकोच असेल तर कागदाची गुंडाळी. दोनशे पानी वहीचे शंभर कागद मोजपट्टीवर ८ मिलिमीटर भरले, तर एक कागद ०.०८ मिलिमीटरचा. फट व्यासात २ मिलिमीटर असेल तर एका बाजूस १ मिलिमीटरच भरायची आहे. (इथे निम्मे करायला विद्यार्थी हमखास विसरतात.) बारा वेढ्यांनी ती जवळजवळ भरेल, पण नऊ-दहावर थांबा. फुगणाऱ्या सेलला जागा हवी. कागद सेलच्या टोकांवर येऊ देऊ नका. डेव्हिड मिझेलला १८९९ साली अमेरिकेत ज्या विजेरीचे पेटंट मिळाले, तिची नळीही कागद व तंतूचीच होती.

कागदाऐवजी चांदीचा कागद मात्र कधीही गुंडाळू नका. धातूच्या विजेरीत नळी हाच मंडलाचा भाग असतो आणि ती मागच्या सेलच्या ऋण टोकाला जोडलेली असते. साध्या सेलचे बाहेरचे भांडे ऋण असते, म्हणून मागच्या सेलचे वेष्टन फाटले तरी बिघडत नाही. पुढच्याचे फाटले तर मागच्या सेलचे लघुमंडल होते. अल्कलाइन सेलचे पोलादी भांडे धन असते. तिथे पुढच्याचे वेष्टन फाटले तर दोन्ही सेलचे लघुमंडल! सेल तापतात, क्षाराचा द्रव बाहेर फेकला जातो आणि तो डोळ्यांना घातक असतो.

आजच्या अनेक एलईडी विजेऱ्यांत क्षणभर प्रवाह तुटला की आतले इलेक्ट्रॉनिक मंडल बटण दाबले असे समजते, आणि धक्का बसताच प्रखर प्रकाश आपोआप मंद होतो. त्यांतील १८६५० हा लिथियम-आयन सेल नावाप्रमाणे १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. जाड सेलसाठी केलेल्या नळीत तो घालायचा तर सोबत मिळणारी प्लास्टिकची नळीच वापरावी. नाणे, तार किंवा पत्र्याचा तुकडा घालून फट भरू नये, कारण लघुमंडल झाल्यास या एका सेलमधून कित्येक दहा अँपिअर प्रवाह वाहू शकतो.