टर्मिनलमधून पोएडिट बसवा आणि मराठीकरणाला लागा

लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत दिसतात, कारण कुणीतरी बसून एकेक वाक्य मराठीत आणलेलं असतं. नवी मुंबईला हे काम नवं नाही. खारघरला केंद्र असलेलं एनसीएसटी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झालं. इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करणारी ‘मात्रा’ ही प्रणाली त्यांचीच. पण मराठीकरणाला हातभार लावायला संस्थेत असावं लागत नाही. उबुंटू असलेला घरचा डेस्कटॉप पुरतो.

आज्ञा इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत टाइप करा. शब्दांमध्ये एकेक स्पेस द्या.

१. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा. टर्मिनल उघडेल.

२. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ लिहून एंटर दाबा. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटणार नाही असंही होऊ शकतं. कीबोर्ड बिघडलाय असं समजू नका, टाइप करून एंटर दाबा.

३. आता ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोएडिट गेटटेक्स्ट’. होकार विचारला की वाय दाबा. ‘लॉक मिळत नाही’ असा संदेश आला, तर मागे दुसरं अपडेट चालू असतं. ते संपू द्या, मग पुन्हा करा.

४. मराठीची फाइल बहुतेकदा ‘एमआर डॉट पीओ’ नावाची असते. एमआर हा मराठीचा कोड. ती पोएडिटमध्ये उघडा. वर इंग्रजी वाक्य दिसेल, खाली मराठी लिहा.

इथे दोन गोष्टी सांभाळा. वाक्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं डी किंवा एस अक्षर दिसलं, तर ते तसंच ठेवा. प्रोग्रॅम तिथे आकडा किंवा नाव भरतो. ते गळालं तर आकडा दिसणार नाही, चुकीचं अक्षर पडलं तर प्रोग्रॅम बंदही पडू शकतो. दुसरं, अनेकवचन. ‘१ पान छापलं’ आणि ‘५ पानं छापली’ यांसाठी दोन वेगळे रकाने असतात. दोन्ही भरा.

५. काम सेव्ह करा. टर्मिनलमध्ये ‘सीडी’ आज्ञेने फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जा. मग ‘एमएसजीएफएमटी’, स्पेस, हायफन सी, स्पेस आणि फाइलचं नाव लिहा. चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासकट दिसेल.

ही तपासणी केल्याशिवाय फाइल पाठवू नका. तुमच्याकडून सुटलेलं एक अक्षर मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला नडेल.