रिपोर्ट नॉर्मल, पोट दुखतंच!

सोमवारची सकाळ, पावणेसात. डबा अर्धा भरलेला, दहाच्या प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड बाकी, आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, 'आई, पोट दुखतंय!' पुढचे डायलॉग ठरलेले. आजी म्हणते, 'जंत झाले असतील', आणि बेंबीभोवती हिंग चोळते. बाबा म्हणतात, 'नाटकं आहेत, मॅथ्सची टेस्ट असेल.' आई बॉसला हाफ डेचा मेसेज टाकते. हा सीन महिन्यातून चारदा व्हायला लागला की घरातल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो.

मी आई नाही, मावशी आहे. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीचं पोट गेल्या वर्षी चार महिने दुखत होतं. रक्त, लघवी, शी, दोन सोनोग्राफ्या, जंतांचं औषध, सगळं झालं. शेवटी एका डॉक्टरांनी फाइल मिटत सांगितलं, 'काही झालेलं नाही हिला.' ताईने सुटकेचा श्वास सोडला. भाची मात्र रिक्षात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'मावशी, म्हणजे मी खोटं बोलते का गं?'

नाही. आणि हे मी मावशीच्या मायेपोटी म्हणत नाहीये. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ मध्ये सहकाऱ्यासह शाळेतल्या एक हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत किमान तीनदा, रोजचं खेळणं-शिकणं अडेल इतकं पोट दुखलेली मुलं त्यांनी मोजली. दहात साधारण एक निघालं! अशा बहुतेक मुलांच्या तपासण्यांत काहीच सापडत नाही, हे डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे. आज याला 'फंक्शनल' पोटदुखी म्हणतात. म्हणजे अवयव धडधाकट, गडबड आहे ती त्यांच्या कामकाजात. आतड्यांना स्वतःचं नसांचं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी दिवसभर हॉटलाइन चालू असते. काही मुलांची ही लाइन जास्तच सेन्सिटिव्ह. तुमच्या-माझ्या लक्षातही येणार नाही एवढा गॅस त्यांना कळ आणतो. कधी जुलाब-उलट्यांच्या आजारपणानंतर हे सुरू होतं, आणि टेन्शन आलं की आवाज आणखी वाढतो. पण दुखणं शंभर टक्के खरं. अप्रेझलच्या दिवशी तुमच्या पोटात येणारा गोळा कुठल्या सोनोग्राफीत दिसलाय?

सोनोग्राफीवरून आठवलं. रिपोर्टात 'लिम्फ नोड्स' हे शब्द दिसले की घरात थेट टीबीची चर्चा सुरू होते. अशा बारीक गाठी ठणठणीत मुलांतही दिसतात. त्यांचा अर्थ मुलाला तपासून डॉक्टरांनी लावायचा असतो, गूगलने नव्हे.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर 'फंक्शनल असेल' म्हणत बसू नका. वजन घटणं किंवा उंची-वजन वाढायचं थांबणं, शीतून रक्त, हिरवी किंवा सारखी उलटी, रेंगाळलेला ताप किंवा जुलाब, कावीळ, झोपेतून उठवणारी कळ, बेंबीपासून दूर एकाच जागी, विशेषतः उजवीकडे दुखणं. यातलं काहीही असेल तर डॉक्टर गाठा. आणि अचानक उठलेली, वाढतच जाणारी कळ असेल तर त्याच दिवशी, मीटिंग गेली खड्ड्यात.

आता मला सगळ्यात भारी वाटलेला प्रयोग. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना पोट तुडुंब होईस्तोवर पाणी प्यायला लावलं. मग काही पालकांना सांगितलं, मुलाच्या दुखण्याकडे लक्ष द्या, विचारपूस करा. काहींना सांगितलं, विषय बदला, दुसऱ्या गप्पा मारा. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. गप्पांत रमलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. गंमत म्हणजे पोटदुखीवाल्या मुलांच्या पालकांना मात्र विषय बदलण्यानेच मुलाचं नुकसान होईल असं वाटत होतं! आपल्याकडे तर 'आता कसं वाटतंय बाळा?' हे तासातासाला विचारणं म्हणजेच माया.

याचा अर्थ दुर्लक्ष करा असा नाही. 'दुखतंय हे मला पटतंय' एवढं एकदा स्पष्ट सांगायचं आणि मग पत्ते काढायचे. शाळा बुडवायची नाही. पूर्ण दिवस झेपत नसेल तर अर्धा दिवस. घरी राहिलंच तर टीव्ही-मोबाइलची पार्टी नको. पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायला शिकवा. मनातून पेनकिलर देऊ नका. विचारांची सवय बदलणाऱ्या समुपदेशनाचा, म्हणजे सीबीटीचा, उपयोग होतो. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत तर संमोहनोपचार घेतलेली ८५ टक्के मुलं वर्षभरानंतर बरी होती, नेहमीच्या उपचारांवरची २५ टक्के. ऐकायला जादूचे प्रयोग वाटतात, पण हे काम प्रशिक्षित थेरपिस्टचं.

भाचीच्या केसमध्ये दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी एक प्रश्न विचारला, जो चार महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. 'शाळेत शी लागली तर जातेस का?' तिने मान हलवली. टॉयलेटच्या दाराला कडी नव्हती, म्हणून ती दिवसभर दाबून ठेवायची. पाणीही प्यायची नाही. बद्धकोष्ठ हे मुलांच्या पोटदुखीचं अगदी कॉमन कारण. शी मऊ करणारं औषध, जेवणानंतर दहा मिनिटं कमोडवर निवांत बसणं, पायाखाली स्टूल, भरपूर पाणी आणि फळं, असं दोन-तीन महिने नेटाने चाललं. निम्मं दुखणं तिथेच गेलं. उरलेलं अधूनमधून डोकं वर काढतं, परीक्षेच्या आठवड्यात हमखास. पण आता ती स्वतःच श्वास घेत बसते आणि दप्तर उचलते.

ताईने पालकसभेत कडीचा विषय काढला तेव्हा आणखी तीन आयांनी हात वर केले. पुढच्या आठवड्यात कडी बसली. फ्लशचं काम अजून बाकी आहे.