सहा रविवार, सहा सिनेमे: धंदा सुरू करण्याआधी हे बघाच



"सर, मोटिव्हेशन मिळेल असा एखादा पिक्चर सांगा ना!" प्रत्येक बॅचमध्ये कोणी ना कोणी हे विचारतंच. आज सांगतो, एक सोडून सहा सांगतो. पण माझी एक अट आहे. हे सिनेमे मोटिव्हेशनसाठी बघायचे नाहीत.

का, ते ऐका. सिनेमात हिरो राजीनामा फेकतो, मागे म्युझिक वाजतं आणि दोन गाण्यांनंतर त्याच्या दारात गाडी उभी असते. तुमच्या आयुष्यात त्या दोन गाण्यांच्या जागी दोन वर्षं असतात. त्या दोन वर्षांत घरभाडं असतं, मुलांची फी असते, आईची औषधं असतात. रविवारी अंगावर काटा आला म्हणून सोमवारी राजीनामा दिला, तर त्याची किंमत अख्खं घर मोजतं.

म्हणून आपली पद्धत वेगळी. हिरोकडे कमी बघायचं, पैशाकडे जास्त. पैसा कुठून आला? कोणाचा होता? बुडाला असता तर कोणाचा बुडाला असता? वही-पेन घेऊन बसा. शक्य असेल तर घरच्यांना सोबत घ्या, कारण उद्या गल्ल्यावर कदाचित तेच बसणार आहेत. धंदा ज्या क्रमाने वाढतो, त्याच क्रमाने सिनेमे लावले आहेत. काही जुने आहेत, काही नवे. भाषाही वेगवेगळ्या आहेत.

पहिला रविवार: हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९, मराठी)

परेश मोकाशींचा हा सिनेमा दादासाहेब फाळक्यांवर आहे. त्या वर्षी भारताने ऑस्करसाठी हाच सिनेमा पाठवला होता. नंदू माधवांनी फाळके असे काही रंगवलेत की पोरंसुद्धा खुर्चीतून उठणार नाहीत.

आता धंद्याच्या नजरेने बघा. फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं तेव्हा आपल्याकडे हा धंदा करणारं जवळपास कोणी नव्हतंच. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले, तंत्र समजून घेतलं, कॅमेरा मागवला. आणि परत आल्यावर काय केलं? थेट मोठा सिनेमा काढला? नाही. कुंडीत वाटाणा पेरला. तो रोज किती वाढतो त्याचं थोडं थोडं चित्रण केलं आणि ती छोटीशी फिल्म भांडवल देणाऱ्यांना दाखवली. कोंब डोळ्यांसमोर वर येताना बघून लोकांचा विश्वास बसला. पुढे ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

वहीत लिहा: माझा 'वाटाणा' कोणता? म्हणजे कमीत कमी खर्चात, समोरच्याच्या हातात देता येईल असा नमुना कोणता? मसाल्याचा धंदा करायचाय तर आधी पन्नास पुड्या. शिवणकाम असेल तर आधी पाच ड्रेस. दागिने गहाण ठेवायचा विषय त्यानंतरचा. आणि हो, सरस्वतीबाईंकडे नीट लक्ष द्या. घरातलं माणूस पाठीशी असणं हेसुद्धा भांडवलच आहे, आणि ते कुठलीही बँक देत नाही.

दुसरा रविवार: इंग्लिश विंग्लिश (२०१२, हिंदी)

श्रीदेवीची शशी गोडबोले आठवते ना? पुण्यात राहणारी, घरून लाडू करून विकणारी. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांच्या आईचा पुण्यात घरगुती लोणच्यांचा व्यवसाय होता. त्यामुळे या सिनेमातलं स्वयंपाकघर ओळखीचं वाटतं.

घरात शशीच्या लाडवांचं कौतुक आहे, पण त्याला 'काम' कोणी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये तिचे शिक्षक तिला सांगतात की बाई, तुम्ही तर उद्योजक आहात. तो शब्द पुटपुटत ती रस्त्याने चालते, तो सीन दोनदा बघा. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. त्या क्लासची फी तिने लाडवांतून साठवलेल्या पैशांतूनच भरलेली असते.

आपल्या कितीतरी ताई आजही म्हणतात, "मी काही करत नाही हो, घरी थोडेसे लाडू करते." थांबा. हिशोब करू. समजा एक किलो लाडवांना सामान ३८० रुपयांचं, गॅस आणि पॅकिंग ४०, पोहोचवायला ३०. झाले ४५०. तुम्ही ५०० ला विकता आणि म्हणता, ५० सुटले. पण दीड तास उभं राहून लाडू वळले कोणी? तासाला १०० रुपये धरले तरी तुमची मजुरी १५० होते. म्हणजे खरा खर्च ६००. प्रत्येक किलोमागे तुम्ही स्वतःच्या खिशातले १०० रुपये गिऱ्हाइकाला देताय!

वहीत लिहा: माझ्या एका तासाची किंमत किती? जोपर्यंत हा आकडा तुम्ही स्वतः धरत नाही, तोपर्यंत गिऱ्हाईकही धरणार नाही.

तिसरा रविवार: मंथन (१९७६, हिंदी)

श्याम बेनेगल यांचा सिनेमा. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, सोबत स्मिता पाटील, गिरीश कर्नाड, नसीरुद्दीन शाह. याचा निर्माता कोण? गुजरातमधले पाच लाख दूध उत्पादक शेतकरी! प्रत्येकाने दोन-दोन रुपये दिले, दहा लाख जमले आणि सिनेमा झाला. पुढे हेच शेतकरी 'आपला पिक्चर' बघायला गावोगावहून आले. २०२४ मध्ये याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

गोष्ट साधी आहे. गावात दूध घेणारा एकच व्यापारी, तो देईल तो भाव. शहरातून आलेला डॉक्टर राव दुधातली फॅट मोजतो आणि त्याप्रमाणे भाव ठरवायची गोष्ट करतो. व्यापाऱ्याला खरा धक्का कशाचा बसतो? मोजण्याचा. जोपर्यंत मोजमाप त्याच्या हातात, तोपर्यंत भावही त्याच्याच हातात.

पण बेनेगल इथेच थांबत नाहीत. जात आड येते, गावचं राजकारण आड येतं, आणि शेवटी राव गाव सोडून जातो. मागे राहिलेला भोला लोकांना गोळा करून काम पुढे नेतो.

वहीत दोन प्रश्न लिहा. एक, माझ्या मालाचं वजन आणि दर्जा कोण ठरवतो, मी की घेणारा? साधा वजनकाटाही स्वतःचा नसेल, तर पहिली खरेदी तीच करा. दोन, मी महिनाभर आजारी पडलो तर धंदा चालेल का? माझा 'भोला' कोण? बचत गट चालवणाऱ्या ताईंनी तर हा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघावा.

चौथा रविवार: इट्स अ वंडरफुल लाइफ (१९४६, इंग्रजी)

ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून तोंड फिरवू नका. फ्रँक काप्राचा हा सिनेमा आला तेव्हा तोट्यात गेला होता. पुढे टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवला गेला आणि अमेरिकेत घराघरात पोहोचला. सबटायटल लावा आणि निवांत बसा.

जॉर्ज बेली एका छोट्या गावात लोकांना घरासाठी कर्ज देणारी लहानशी संस्था चालवतो. आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी. त्याच्या लग्नाच्या दिवशीच अफवा पसरते आणि ठेवीदार पैसे मागायला दारात गर्दी करतात. तिजोरीत रोकड नाही. संस्था बुडालेली आहे का? नाही. पैसे शेजारच्यांच्या घरांमध्ये गुंतलेले आहेत. जॉर्ज आणि त्याची बायको हनिमूनसाठी ठेवलेले दोन हजार डॉलर काउंटरवर ठेवतात. प्रत्येकाला विचारलं जातं, "आत्ता तुझं कितीवर भागेल?" कोणी सगळी रक्कम मागतो, तर एक बाई फक्त साडेसतरा डॉलर मागते. संध्याकाळी दार बंद होतं तेव्हा शिल्लक असतात दोन डॉलर. पण संस्था वाचलेली असते.

मंडळी, हा सीन म्हणजे कॅश फ्लोचा अख्खा धडा आहे. वहीत नफा दिसतो आणि खिशात पैसा नसतो, अशी वेळ प्रत्येक धंद्यावर येते. एक लाखाची केटरिंगची ऑर्डर मिळाली, साठ हजारांचा माल रोखीने आणला आणि पार्टी म्हणते पैसे पंचेचाळीस दिवसांनी. मधले पंचेचाळीस दिवस काय करणार?

वहीत लिहा: आज सगळी येणी थांबली तर मी किती दिवस तग धरेन? दुसरं, अडचणीत फोन बंद करून बसू नका. जॉर्जसारखं समोर उभं राहा आणि देणेकऱ्याला खरं सांगा. "पूर्ण नाही, पण आत्ता एवढे देतो" असं स्पष्ट बोलणाऱ्याला बाजार सांभाळून घेतो.

पाचवा रविवार: द फाउंडर (२०१६, इंग्रजी)

मॅकडोनाल्डची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे डिक आणि मॅक हे दोन भाऊ एक छोटं हॉटेल चालवायचे. मिल्कशेकची मशीन विकणारा रे क्रॉक तिथे येतो आणि त्यांची पद्धत बघून चाट पडतो.

सिनेमातला सगळ्यात उपयोगाचा सीन टेनिस कोर्टवरचा. दोघे भाऊ जमिनीवर खडूने किचनचा नकाशा काढतात, कामगारांना खोटे खोटे बर्गर करायला लावतात. कोण कोणाला धडकतंय ते बघतात, पुसतात, पुन्हा काढतात. खर्च किती? खडूचा! तुम्ही वडापावची गाडी काढणार असाल तर आधी गच्चीवर खडूने तिचा आकार आखा आणि दहा खोटी गिऱ्हाइकं उभी करा. वेल्डरकडे त्यानंतर जा.

आणि मग दुसरा, कडू भाग. हळूहळू सगळा कारभार क्रॉककडे जातो. दुकानांखालची जमीन आपल्या ताब्यात ठेवायची युक्ती त्याला सापडते आणि भावांचा करार कागदावरच राहतो. शेवटी २७ लाख डॉलरमध्ये भाऊ बाजूला होतात, आणि स्वतःच्या पहिल्या हॉटेलवर स्वतःचंच आडनाव लावायची मुभाही त्यांना उरत नाही. नफ्यातला टक्का पुढेही मिळेल, असं सिनेमात तोंडी ठरतं. तो टक्का त्यांना कधीच मिळत नाही.

वहीत लिहा: माझ्या धंद्यात काय काय 'तोंडी' आहे? भागीदारी, दुकानाची जागा, नाव, रेसिपी. "आपल्यात कशाला कागद?" असं म्हणणारा मित्र चांगलाच असतो. कागद त्याची मैत्री टिकवण्यासाठीच असतो. नावाचा ट्रेडमार्क आणि भागीदारीचा करार, या दोन गोष्टी तरी वेळेत करा.

सहावा रविवार: ब्लॅकबेरी (२०२३, इंग्रजी)

यादीतला सगळ्यात नवा. कॅनडातल्या वॉटर्लू इथली काही हुशार पोरं खिशातल्या फोनवर ईमेल आणतात, जग जिंकतात आणि मग आयफोन येतो. हसवत हसवत पोटात गोळा आणणारा सिनेमा आहे.

सुरुवातीलाच एक बारीकसा प्रसंग आहे. माइक लझारिडिस मीटिंगची वाट बघत बसलाय आणि टेबलावरच्या इंटरकॉममधून बारीक घरघर येतेय. त्याला ती सहन होत नाही. तो यंत्र उघडतो आणि तिथल्या तिथे दुरुस्त करतो. ही झाली कारागिराची नजर. शेवटी काय होतं ते बघा. घाईघाईत दुसऱ्यांकडून बनवून घेतलेल्या नव्या फोनांमधूनही तशीच घरघर येते, आणि तोच माइक एकेक खोका उघडून बसतो. दोन सीन शेजारी ठेवा, अख्खी कंपनी कशी घसरली ते कळेल.

वहीत लिहा: कितीही मोठा झालो तरी मी कोणती एक गोष्ट सोडणार नाही? चिवड्यातला ताजेपणा, शिलाईतली सफाई, दिलेली वेळ पाळणं, जे असेल ते. ऑर्डर दुप्पट झाली की पहिला घाव नेमका तिथेच बसतो.

आता काम तुमचं

सहा रविवार संपतील तेव्हा तुमच्या वहीत हे असेल: तुमचा नमुना, तुमच्या तासाची किंमत, मोजमाप कोणाकडे आणि तुमच्या मागे काम कोण बघणार, किती दिवसांची रोकड, कोणते कागद बाकी, आणि कोणती गोष्ट कधीच सोडायची नाही. बँकेत किंवा भागीदारासमोर बसाल तेव्हा हेच विचारलं जाणार आहे.

ज्यांच्या हातात आज नोकरी आहे त्यांनी हा हिशोब नोकरी चालू असतानाच करायचा. उत्तरं पटली नाहीत तर धंदा सहा महिने पुढे ढकला, त्यात कमीपणा काही नाही. पटली तर वाटाणा पेरायला रविवारचीसुद्धा वाट बघू नका.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत वही आणा, आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाका.