चाळणीत नांदणारे जीवाणू

स्पंज पाहायचा तर समुद्रच गाठावा लागतो, असे नाही. स्पंजाच्या काही जाती नद्या-तलावांच्या गोड्या पाण्यातही राहतात, आणि त्यांचा अभ्यास आपल्याकडे फार पूर्वी सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ मध्ये मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातल्या स्पंजांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. युनापियस कार्टेरी या जातीला त्यांचेच नाव दिलेले आहे.

स्पंज हा रंध्रीय संघातील प्राणी. त्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जासंस्थाही नाही. अंगभर पसरलेल्या बारीक छिद्रांतून पाणी आत येते, आतल्या अस्तरातील निवाप पेशी त्यातले अन्नकण टिपतात आणि मोठ्या छिद्रातून पाणी बाहेर पडते. एक किलो वजनाचा समुद्री स्पंज दिवसाला २४,००० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतो. पाण्यातले जीवाणू हे त्याचे महत्त्वाचे अन्न. तरीही काही समुद्री स्पंजांच्या वस्तुमानात ३५ ते ४० टक्के वाटा जीवाणूंचाच असतो! जिथे जीवाणू पचवले जातात, तिथेच जीवाणूंनी पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड थाटावे, हे सृष्टीतले मोठे नवल आहे.

या जीवाणूंतले रहिवासी कोण आणि पाण्याबरोबर आलेले कोण, हे ओळखायचे कसे? काचेच्या बशीत वाढवू पाहिले, तर स्पंजातले बहुतेक जीवाणू तिथे वाढतच नाहीत. म्हणून त्यांचा डीएनए वाचतात. स्पंजाचा तुकडा निर्जंतुक पाण्याने धुऊन, वाटून त्यातला डीएनए वेगळा करतात. प्रत्येक जीवाणूत १६-एस आरआरएनए नावाचे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक असते. त्याचे काही भाग सर्व जीवाणूंत जवळपास सारखे, तर काही गटागणिक बदलणारे. या बदलत्या भागाच्या असंख्य प्रती काढून यंत्र त्यांचा अक्षरक्रम वाचते. साधारणपणे ९७ टक्के जुळणारे क्रम एका गटात घालतात आणि ज्ञात जीवाणूंशी ताडून पाहतात.

पुण्याचे संशोधक स्वप्नील गायकवाड, योगेश शौचे आणि वासुदेव गाडे यांनी २०१६ मध्ये अशा पद्धतीने युनापियस कार्टेरी आणि कॉर्वोस्पाँजिला लॅपिडोसा या गोड्या पाण्यातल्या दोन स्पंजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीवाणूंचे १४ संघ त्यांना आढळले. पहिल्या स्पंजात सुमारे ९८० गट निघाले, दुसऱ्यात सरासरी २,९०० हून अधिक. भोवतालचे पाणीही त्यांनी तपासले होते. दोन्ही स्पंजांतली वस्ती त्या पाण्याहून निराळी, एकमेकांहून निराळी आणि समुद्री स्पंजांहूनही निराळी निघाली. म्हणजे स्पंजात सापडते ते केवळ वाहत आलेल्या पाण्याचे प्रतिबिंब नाही.

मात्र डीएनए सापडला म्हणजे सहजीवन सिद्ध झाले, असे होत नाही. जीवाणू ऊतीत नेमका कुठे राहतो, हे चकाकणारे शोधक रेणू वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. तो काय करतो, हे संपूर्ण जनुकसंचातून कळते. जपानच्या समुद्रातील थिओनेला स्विनहोई या स्पंजात असाच उलगडा झाला. त्यातली जवळजवळ सर्व गुणकारी पॉलिकीटाइडे आणि पेप्टाइडे ही संयुगे एन्टोथिओनेला हा एकच जीवाणू बनवतो, हे २०१४ मध्ये दिसून आले.

ही ओळख माणसाच्याही कामाची आहे. रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबिन या औषधाची प्रेरणा १९५० च्या सुमारास कॅरिबियन स्पंजात सापडलेल्या रेणूंनी दिली. स्पंजातले गुणकारी द्रव्य जीवाणू बनवत असेल, तर औषधासाठी समुद्रतळ खरवडण्याऐवजी ते बनवणारे जनुक प्रयोगशाळेत कामाला लावण्याची वाट खुली होते. गोड्या पाण्यातल्या स्पंजांकडे आजवर जगाचे लक्ष कमीच गेले आहे. आपल्या नद्या स्वच्छ राखल्या, तरच हे स्पंज टिकतील आणि त्यांच्यातले रहिवासी ओळखण्याचे काम पुढे जाईल.