रद्दीत जाणारे इंद्रजाल वाचवा!

परवा जिंतूरच्या बाजारात रद्दीच्या ढिगात मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स' दिसलं. मुखपृष्ठ फाटलेलं, आतली पानं मात्र शाबूत. वजनावरच घेतलं. लहानपणापासून कॉमिक्स जमवतोय, म्हणून थोडी माहिती.

टाइम्स समूहाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं, वेताळाच्या (फँटमच्या) गोष्टीने. पुढे मराठीतही अंक निघू लागले आणि 1990 मध्ये मालिका थांबली. 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला: केशरी कुर्ता, जीन्स आणि समोर चंबळचे डाकू. आपल्या मातीतला हा नायक मला इंद्रजालमधल्याच जादूगार मँड्रेकपेक्षाही प्रिय.

रद्दीत सापडणारी दुसरी मालिका म्हणजे अनंत पै यांची 'अमर चित्र कथा', 1967 ची. तिच्या पुनर्मुद्रणांचा सुकाळ आहे, त्यामुळे जुना अंक घेताना छापील किंमत आणि आतलं प्रकाशनाचं पान आधी बघा.

आता जपणुकीचं. जुन्या कॉमिक्सचा कागद स्वस्तातला, त्यात आम्ल असतं. ऊन लागलं की पिवळा पडून कडेने तुटतो. पिना गंजतात आणि मधल्या पानावर तपकिरी डाग उतरतो. गंजलेली पीन हळूच काढून पानं दोऱ्याने शिवून घ्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आपल्याकडे वाळवी आणि कसर दोन्ही, म्हणून अंक भिंतीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळा संपला की सावलीत वारा द्या.

घरच्या माळ्यावर गठ्ठा असेल तर विकण्याआधी फोटो टाका. कोणता अंक, कधीचा, ओळखायला मदत करेन.